मोटार उघडता येते, पण पेपरातलं सर्किट सुटत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय २२. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड, त्यावर डिप्लोमा आणि आता इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयर. घरचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि शाळेत असल्यापासून तो वडिलांच्या हाताखाली काम करतो. स्टार्टरचं वायरिंग, पंपाचा फॉल्ट, पंख्याचा कंडेन्सर, कशात अडत नाही. सर्किट अ‍ॅनालिसिसच्या पेपरात मात्र दोनदा केटी लागली, म्हणजे विषय राहिला. क्लासचे सर म्हणतात, अपेक्षित प्रश्न पाठ कर आणि सुटून जा. वडील म्हणतात, कागदावर मोटार चालत नाही, सोड ते आणि दुकानात ये. त्याचा प्रश्न असा: "माझं गणित कच्चं आहे. मी प्रॅक्टिकलवाला माणूस, थिअरी माझ्यासाठी नाहीच, असं आता वाटायला लागलंय. कॉलेज सोडू का? आणि नाही सोडलं, तर हा विषय पायापासून कसा शिकू? लाप्लास वगैरे वरच्या गोष्टींपर्यंत माझ्यासारखा पोचतो का?" पत्रासोबत त्याने स्वतः सोडवलेल्या तीन गणितांचे फोटो जोडले आहेत.

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्राच्याही आधी मी ते तीन फोटो वाचले. पॉलिटेक्निकमध्ये हाच विषय शिकवण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. त्यातून एक सवय लागली आहे: मुलगा स्वतःबद्दल काय सांगतो ते नंतर ऐकायचं, त्याची वही आधी बघायची. तुझं पत्र म्हणतं, गणित कच्चं आहे. तुझी वही तसं म्हणत नाही.

पहिलंच गणित घेऊ, तिघांतलं सगळ्यात सोपं. १२ व्होल्टची बॅटरी, तिच्यापुढे २ ओहम, मग मधल्या फांदीत ४ ओहम आणि उजवीकडच्या फांदीत आणखी ४ ओहम. दोन लूप झाले. दोन्हींत तू करंट घड्याळाच्या दिशेने धरलास, छान केलंस. पहिल्या लूपचं समीकरण बरोबर आहे: २ × आय१ + ४ × (आय१ − आय२) = १२. दुसऱ्या लूपमध्ये मात्र मधल्या रेझिस्टन्ससाठी तू ४ × (आय१ + आय२) लिहिलंस. तिथे ४ × (आय२ − आय१) हवं होतं, कारण मधल्या फांदीत तुझे दोन करंट एकमेकांच्या उलट जातात. एवढीच चूक. त्याच्या पुढची प्रत्येक ओळ मी तपासली. तुझ्या चुकलेल्या समीकरणांना तू काढलेलं उत्तर अगदी अचूक आहे: आय१ बरोबर १.५ अँपिअर, आय२ बरोबर वजा ०.७५. गणित कच्चं असलेला मुलगा वजा चिन्हं सांभाळत शेवटपर्यंत असा पोचत नाही. तू गणितात हरलेला नाहीस. गणित सुरू व्हायच्या आधी, चित्रावर खुणा करताना, तुझा हात घाईत गेलाय.

आता दुसरी गोष्ट, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. समजा दुकानात टेस्टिंगला एक पंप चालू आहे आणि तू त्याच लाइनवर दुसरा चालू केलास. मेनमधला करंट वाढेल की कमी होईल? तुला विचार करावा लागत नाही, हात क्लॅम्प मीटरकडे जायच्या आधीच उत्तर माहीत असतं. मग हेच त्या गणिताला विचार. उजवी फांदी नसती तर बॅटरीसमोर २ आणि ४ मिळून ६ ओहम असते, म्हणजे २ अँपिअर. उजवी फांदी जोडली म्हणजे करंटला आणखी एक वाट मिळाली. मग बॅटरीतून निघणारा करंट २ पेक्षा जास्तच व्हायला हवा. तुझं उत्तर १.५ आहे. दुकानात मीटरवर हा आकडा दिसला असता तर तू लगेच म्हणाला असतास, काहीतरी गडबड आहे. कागदावर तू तो चौकटीत बंद करून पुढच्या गणिताकडे गेलास. (बरोबर उत्तर ३ आणि १.५ आहे. पडताळून बघ.)

म्हणून "मी प्रॅक्टिकलवाला, थिअरी माझ्यासाठी नाही" हे तुझं वाक्य मला पटत नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये शिरताना तू दुकानातलं डोकं दाराबाहेर ठेवतोस, मला तरी अडचण ती दिसते. ते आत घेऊन यायचं कसं, हे या पत्रात सांगायचा प्रयत्न करते.

न्यूट्रल तुटल्यावर काय होतं हे तू पाहिलं असशीलच. डीपीवरून येणारा न्यूट्रल सुटला, आणि एका घरातला टीव्ही जळाला, दुसऱ्या घरातला बल्ब डोळे दिपतील असा पेटून उडाला, तिसऱ्या घरात हीटर कोमट राहिला. गावात लोक म्हणतात, लाइन जास्त आली. जास्त म्हणजे किती? काढू या. एका घरात, आर फेजवर, १००० वॉटचा हीटर आहे. शेजारच्या घरात, वाय फेजवर, १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब. २३० व्होल्टवर हीटरचा रेझिस्टन्स सुमारे ५३ ओहम आणि बल्बचा ५२९ ओहम. न्यूट्रल शाबूत असेपर्यंत दोघांना आपापले २३० मिळतात. न्यूट्रल गेला की ही दोन घरं दोन फेजांच्या मध्ये एकसर जोडली जातात आणि दोन फेजांमध्ये असतात सुमारे ४०० व्होल्ट. आता ४०० ची वाटणी रेझिस्टन्सच्या प्रमाणात: बल्बच्या वाट्याला जवळपास ३६४ व्होल्ट, हीटरच्या वाट्याला जेमतेम ३६. बल्ब का उडाला आणि हीटर का कोमट राहिला, दोन्ही एकाच भागाकारात आलं. (इतक्या व्होल्टेजला बल्बची तार आणखी तापते आणि तिचा रेझिस्टन्सही वाढतो, त्यामुळे खरा आकडा थोडा सरकेल. अंदाजाला हे पुरे.)

ज्याला कॉलेजात नोडल अ‍ॅनालिसिस म्हणतात ते हेच आहे. न्यूट्रलचा तो तुटलेला जोड म्हणजे नोड. तो कशालाच बांधलेला नाही, म्हणून मोकळा तरंगतोय. प्रश्न इतकाच: तो कुठल्या व्होल्टेजवर जाऊन थांबेल? उत्तर: त्या बिंदूत येणारा आणि जाणारा करंट सारखा होईल तिथे. तिसऱ्या फेजवरही लोड असेल तर समीकरणात एक पद वाढतं आणि व्होल्टेजांचे कोन सांभाळावे लागतात, बाकी विचार तोच. अशा तरंगत्या न्यूट्रलने जळालेल्या वस्तू तू हाताळल्या असशील, पण त्याच गोष्टीला कागदावर दिलेलं नाव तुला परकं वाटतं.

मराठी माध्यमाचंही तू दबक्या आवाजात लिहिलंयस. शाळेत तू जो शब्द शिकलास तो आठव: विभवांतर. त्या शब्दातच 'अंतर' आहे. एका बिंदूचं व्होल्टेज असं काही नसतं, ते कायम दोन बिंदूंमधलं असतं. मीटरला दोन वायर असतात त्या याचसाठी. इंग्रजीत शिकलेली कितीतरी मुलं 'या पॉइंटचं व्होल्टेज' म्हणता म्हणता कशाच्या मानाने हे विचारायचंच विसरतात, आणि निम्मी गणितं तिथेच चुकतात. कुठल्याही सर्किटमध्ये आधी एक बिंदू शून्य धर, त्याच्याशी अर्थिंगची खूण काढ, आणि मग बाकीच्या बिंदूंकडे बघ. एक छोटी वही ठेव आणि तिच्यात प्रत्येक इंग्रजी संज्ञेपुढे स्वतःच्या मराठीत दोन ओळी लिही. पुस्तकातली व्याख्या उतरवू नकोस. गावातल्या मित्राला समजावतोयस असं समजून लिही. ज्या संज्ञेपुढे दोन ओळी सुचत नाहीत ती तुला अजून आलेली नाही, हे आपोआप कळेल.

आता शिकायचं कसं. 'पायापासून' म्हणजे शाळेचं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून, असं समजू नकोस. पाया इथे अगदी लहान आहे. करंटचा बाण कुठल्याही दिशेने काढ, चालेल. चुकीच्या दिशेने काढलास तर उत्तर वजा येईल, बिघडत काहीच नाही. बाण ज्या टोकातून रेझिस्टन्समध्ये शिरतो तिथे अधिक, बाहेर पडतो तिथे वजा. या खुणा सगळ्या सर्किटवर पूर्ण झाल्याशिवाय एकही समीकरण लिहायचं नाही. बॅटरीच्या खुणा तिच्या स्वतःच्या, त्या तुझ्या बाणावरून बदलत नाहीत. त्यानंतर किर्चॉफचे दोन नियम: बिंदूत जेवढं आलं तेवढं गेलं, आणि लूपभर फिरून परत त्याच जागी आलं की चढ-उताराची बेरीज शून्य. किर्चॉफने हे १८४५ मध्ये मांडले तेव्हा तो विद्यार्थीच होता, साधारण तुझ्याच वयाचा. या विषयात पुढे जे जे येतं ते याच दोन नियमांवर उभं आहे. लाप्लाससुद्धा.

खुणा झाल्या की लगेच गणिताला भिडू नकोस. आधी समासात पेन्सिलीने अंदाज लिही: करंट २ पेक्षा जास्त यायला हवा, या रेझिस्टन्सवर निम्म्याहून कमी व्होल्टेज पडेल, असं काहीही. मग सोडव. उत्तर अंदाजाशी भांडलं तर दोघांपैकी कोण चुकलं ते शोध. कधी अंदाज चुकलेला असेल, आणि त्या दिवशी तू सगळ्यात जास्त शिकशील. पहिले तीन आठवडे फक्त डीसी, दिवसाला दोनच गणितं, पण अशी. क्लासमध्ये वीस गणितं फळ्यावरून उतरवण्यापेक्षा या दोनांचा गुण लागेल.

आणि मोजायचं. दुकानातला मीटर, एक ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता जोडणी करायची भोकांची पाटी), पाच-सहा रेझिस्टन्स आणि ९ व्होल्टची बॅटरी एवढं पुरतं. घरच्या २३० वर यातला एकही प्रयोग करायचा नाही. तुझा हात सरावलेला आहे म्हणून हे मुद्दाम सांगते. १ किलोओहम आणि २.२ किलोओहम एकसर जोड. मोठ्यावर ६.१९ व्होल्ट यायला हवेत. आता त्या मोठ्याला समांतर आणखी एक १ किलोओहम लाव. आधी कागदावर काढ, मग मोज: ३.६७ च्या आसपास येईल. बॅटरी वापरलेली असेल तर आधी तिचंच व्होल्टेज मोज आणि हिशोबात ९ च्या जागी ते घे.

माझ्या वर्गात दर वर्षी मी एक प्रयोग मुद्दाम करून घ्यायची. १ मेगाओहमचे दोन रेझिस्टन्स एकसर, ९ व्होल्टवर. एकावर किती? सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, साडेचार. मीटर लावला की ४.२९ दिसतात, आणि काही स्वस्त मीटरवर तर चक्क ३. वर्गात कुजबुज सुरू होते: ओहमचा नियम चुकला? नियम चुकलेला नसतो. मीटरला स्वतःचा रेझिस्टन्स असतो, चांगल्या डिजिटल मीटरचा बहुधा १० मेगाओहम, साध्याचा १ मेगाओहम. मीटर लावल्याबरोबर तोही सर्किटचा भाग झाला आणि खालच्या रेझिस्टन्सला समांतर जाऊन बसला. मोजणारासुद्धा गणितात धरावा लागतो, हे त्या मुलांना पुन्हा शिकवावं लागत नसे. तूही करून बघ, आणि दिसलेल्या आकड्यावरून तुझ्या मीटरचा रेझिस्टन्स उलट काढ.

याच जागेवर थेवेनिन येतो, ज्याची मुलांना उगाचच धास्ती असते. थेवेनिन हा फ्रान्सच्या तारखात्यातला इंजिनिअर. तिथल्या लोकांना शिकवता शिकवता त्याने १८८३ मध्ये हे प्रमेय मांडलं. त्यात म्हटलंय एवढंच: आत कितीही गुंता असो, दोन टोकांपाशी बाहेरून बघणाऱ्याला तो एक बॅटरी आणि तिच्यासोबत एक रेझिस्टन्स एवढाच दिसतो. (गुंत्यातले घटक रेषीय, म्हणजे व्होल्टेज दुप्पट तर करंटही दुप्पट असे, असले पाहिजेत ही अट लक्षात ठेव, परीक्षेत विचारतात.) तुझ्याकडे याचं उदाहरण रोज येत असणार. ट्रॅक्टरची बॅटरी मीटरवर १२.४ व्होल्ट दाखवते, मालक शपथेवर सांगतो की बॅटरी चांगली आहे, पण सेल्फ मारला की नुसती टक. समज, हेडलाइट लावून ५ अँपिअर घेतले आणि व्होल्टेज ११.४ वर आलं. ५ अँपिअरला १ व्होल्ट गेला, म्हणजे आतला रेझिस्टन्स ०.२ ओहम. अशी बॅटरी टोकं जोडून टाकली तरी ६२ अँपिअरच्या वर देऊ शकत नाही, आणि सेल्फला तर शंभराच्या पुढे लागतात. कशी फिरेल मोटार? दोन वाचनं आणि एक भागाकार. 'ओपन सर्किट व्होल्टेज' आणि 'आतला रेझिस्टन्स' हेच पेपरात मागतात.

या टप्प्यावर बरीच मुलं एका ठिकाणी अडखळतात: डिपेंडंट सोर्स. थेवेनिनचा रेझिस्टन्स काढताना स्वतंत्र सोर्स बंद करायचे, व्होल्टेज सोर्सच्या जागी सरळ तार आणि करंट सोर्सच्या जागी तुटलेली वाट. डिपेंडंट सोर्स मात्र बंद करायचा नाही, कारण तो सर्किटमधल्याच कुठल्यातरी करंटवर किंवा व्होल्टेजवर चालतो. ट्रान्झिस्टर कागदावर असाच काढतात. तुझ्या दुसऱ्या फोटोत तू तो बंद केलायस, म्हणून ते गणित गेलं.

एसीकडे वळताना गणित अवघड झालं असं सगळ्यांना वाटतं. मला विचारशील तर तिथे आधी आश्चर्य वाटलं पाहिजे, गणित मागून यावं. पंख्याचा २.५ मायक्रोफॅरडचा नवा कंडेन्सर घे (काढलेला जुना घेतलास तर आधी डिस्चार्ज कर), १२ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर घे आणि १ किलोओहमसोबत तो कंडेन्सर एकसर जोड. प्रायमरीची जोडणी नीट झाकलेली असू दे, हात फक्त १२ व्होल्टच्या बाजूला. मीटर एसीवर. रेझिस्टन्सवर सुमारे ७.४ व्होल्ट दिसतील, कंडेन्सरवर सुमारे ९.४. बेरीज कर: १६.८. आणि दिलेत तर १२! किर्चॉफ खोटा ठरला की काय? हा प्रश्न एकदा मनापासून पडू दे, दोन दिवस डोक्यात राहू दे. मग कळेल की दोन्ही व्होल्टेज एकाच क्षणी शिखरावर नसतात. कंडेन्सरचं व्होल्टेज पाव फेरी मागे असतं. म्हणून त्यांची बेरीज काटकोन त्रिकोणाच्या बाजूंसारखी करायची: ७.४ चा वर्ग अधिक ९.४ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, आणि १२ परत हातात. प्रत्येक क्षणाला किर्चॉफ खराच असतो. मीटर आपल्याला क्षण दाखवत नाही, सरासरीच्या जातीचा एक आकडा दाखवतो.

हे समजलं की 'जे' या अक्षराची भीती उरत नाही. जे म्हणजे '९० अंश फिरव' अशी सूचना. काल्पनिक संख्या या नावाने उगाच दडपण येतं, त्यात काल्पनिक काहीच नाही. स्टाइनमेट्झ नावाच्या इंजिनिअरने १८९३ मध्ये ही रीत शिकागोच्या वीज परिषदेत मांडली, आणि तोवर साइन-कोसाइनच्या पानभर आकडेमोडीत अडकलेल्या इंजिनिअरांचं काम डीसीइतकं सोपं झालं. रेझिस्टन्सच्या जागी इम्पीडन्स, म्हणजे एसीला होणारा एकूण अडथळा, लिहायचा, बाकी मेश (तुझी ती लूपची रीत), नोडल, थेवेनिन सगळं जसंच्या तसं. थ्री फेज तुला यातलं सगळ्यात सोपं जाईल. स्टार-डेल्टा जोडणी तुझ्या बोटांत आहे. १.७३२ हा आकडा कुठून आला ते १२० अंशांचे तीन बाण काढून एकदा स्वतः शोध. रेझोनन्स आणि कपल्ड कॉइल हे त्याच रीतीचे पुढचे धडे आहेत. टू-पोर्ट (दोन टोकं आत येणारी, दोन बाहेर जाणारी अशी सर्किटं) तर निव्वळ नीटनेटकेपणाचं काम, शेवटी कर.

राहिला लाप्लास. तिथे जायच्या आधी एक संध्याकाळ काढ. १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आणि १० किलोओहम, ९ व्होल्टवर. कंडेन्सरची वजा बाजू ओळखून जोड, उलटा लावायचा नाही. मोबाइलवर स्टॉपवॉच लाव आणि कंडेन्सरवरचं व्होल्टेज दर पाच सेकंदांनी लिही. साधारण दहाव्या सेकंदाला ५.७ च्या आसपास, विसाव्याला ७.८, तिसाव्याला साडेआठ. (या कंडेन्सरची किंमत छापील आकड्यापेक्षा २० टक्के इकडे-तिकडे असू शकते, तेव्हा आकडे सरकले तर घाबरू नकोस.) ग्राफ पेपरवर वक्र काढ. सुरुवातीला झपाट्याने चढतो आणि मग रेंगाळतो, कारण कंडेन्सर जितका भरत जातो तितकं रेझिस्टन्सवर कमी व्होल्टेज उरतं, म्हणून करंट कमी, म्हणून भरणं आणखी सावकाश. हे वाक्य गणितात लिहिलं की डिफरन्शियल इक्वेशन होतं. अशी समीकरणं दर वेळी सोडवत बसण्याऐवजी त्यांना साध्या बीजगणितात उतरवायची, सोडवायची आणि परत काळात आणायची, यासाठी लाप्लास. ज्याने तो वक्र स्वतःच्या हाताने काढलाय त्याला लाप्लासच्या कोष्टकातलं पद कशाचं आहे हे दिसतं. न काढणाऱ्याला ते पाठ करावं लागतं. 'माझ्यासारखा पोचतो का' असं विचारलंस, म्हणून सांगते: या वाटेवर फार मोठं काम केलेला ऑलिव्हर हेविसाइड तार ऑपरेटर होता, सोळाव्या वर्षी शाळा सुटलेला. कॉलेजचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं. इम्पीडन्स हा शब्द त्याचा.

कॉम्प्युटरवर सर्किट चालवून बघायची साधनं फुकट आहेत. फाल्स्टॅडचा सिम्युलेटर ब्राउझरमध्येच चालतो आणि करंटचे ठिपके सरकताना दिसतात. पुढे एलटीस्पाइस घे. फक्त क्रम सोडू नकोस: आधी अंदाज, मग हाताने गणित, मग सिम्युलेटर. स्पाइस हा प्रोग्राम १९७३ मध्ये बर्कलेला तयार झाला, आणि आतमध्ये तो नोडचीच समीकरणं मांडतो. व्हिडिओ हवे असतील तर एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची पूर्ण व्याख्यानमाला आहे. व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, म्हणून प्रत्येक उदाहरणाला व्हिडिओ थांबवून पुढची ओळ आधी स्वतः लिही.

आता कॉलेजचं. क्लासच्या सरांचा सल्ला मी अगदी मोडीत काढत नाही. परीक्षेच्या शेवटच्या तीन आठवड्यांत जुने पेपर सोडवलेच पाहिजेत, कुठल्या भागाला किती मार्क हे बघितलंच पाहिजे. पण पाठ करून सुटलास तरी पुढे मशिन्स, पॉवर सिस्टिम, कंट्रोल हे सगळे विषय तुला हेच सर्किट पुन्हा विचारणार. तिथे पुन्हा अडकशील, आणि तेव्हा 'मला येतच नाही' हा समज आणखी घट्ट झालेला असेल.

वडिलांचं म्हणणं मला तुझ्यापेक्षा वेगळं ऐकू येतं. "कागदावर मोटार चालत नाही" म्हणणारा माणूस शिक्षणाच्या विरोधात असतोच असं नाही. दोनदा पोराचं तोंड उतरलेलं त्यांनी पाहिलंय. दुकान ही तुझी माघार नाही, ती तुझी प्रयोगशाळा आहे, आणि असली प्रयोगशाळा तुझ्या वर्गातल्या फार थोड्यांकडे असेल. दुकान पुढेही तिथेच असणार. आयटीआयच्या बळावर वायरमनचा परवाना काढून ठेवायचा असेल तर जरूर काढ, त्यासाठी कॉलेज सोडावं लागत नाही. माझं मत सरळ सांगते: आत्ता सोडू नकोस. या पद्धतीने एक सेमिस्टर पूर्ण दे. त्यानंतरही वर्कशॉपच ओढत असेल तर जा, पण तेव्हा तो तुझा कल असेल. आज गेलास तर तुला कॉलेजातून बाहेर काढणारं ते एक चुकीचं चिन्ह असेल. आणि पैशाची ओढाताण असेल, जी तू पत्रात लिहिली नाहीस पण दोन वाक्यांच्या मधे मला दिसली, तर वडिलांशी तो हिशोब उघड बोल. केटी आणि फी हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांना एकाच उत्तरात गुंडाळू नकोस.

हे पत्र वाचणाऱ्यांत तुझ्या उलट परिस्थितीतली मुलंही असतील, मेश-नोडलमध्ये पैकीच्या पैकी मिळवणारी, पण मीटरची वायर कुठल्या सॉकेटमध्ये लावायची इथे थांबणारी. त्यांनी हाच रस्ता दुसऱ्या टोकाने चालावा: सोडवलेलं प्रत्येक चौथं गणित ब्रेडबोर्डवर उतरवावं. बरीच वर्षं नोकरी करून आता पुन्हा या विषयाकडे वळू पाहणाऱ्यांनी मेगाओहमच्या प्रयोगापासून सुरुवात करावी. 'मला येतं' आणि 'मला येत नाही' हे दोन्ही समज त्यात एकदम हलतात.

तुझ्या तिसऱ्या फोटोबद्दल मी मुद्दाम काही लिहिलं नाही. ते गणित तू कोऱ्या कागदावर पुन्हा काढ, खुणा पूर्ण कर, समासात अंदाज लिही. आणि दुकानात पुढची ट्रॅक्टरची बॅटरी आली की वडिलांना शेजारी उभं कर. हेडलाइट लावून दोन वाचनं घे, ही बॅटरी जास्तीत जास्त किती अँपिअर देईल तो आकडा त्यांना कागदावर लिहून दाखव, आणि मग त्यांना सेल्फ मारायला सांग. काय झालं ते मला कळव, गणिताच्या फोटोसकट.

तुझी,
ताई